विचारणाऱ्याचे ऋण

देवळाच्या अन्नछत्रात पंगत वाढणाऱ्याचे पुण्य कोणासही दिसते. परंतु वाढावे कसे, हे इतरांस शिकविण्यात जो हयात घालवितो, त्याचे काय? ज्यास सेवा करता येते त्याने ती सोडून वर्गात का उभे राहावे, असे आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले.

उत्तर शोधू जाता आमचे मन भोपाळकडे वळते. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्या वेळी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या संचालिका डॉ. आरमायटी देसाई होत्या. त्यापूर्वी त्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. पुढे १९९५ साली त्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. १९८५ च्या आरंभी त्यांच्या संस्थेने, समाजकार्याच्या अन्य विद्यालयांतील विद्यार्थ्यांसह, भोपाळच्या वायुग्रस्त वस्त्यांत घरोघर पाहणी केली.

विद्यार्थ्यांच्या हाती औषध नव्हते, द्रव्य नव्हते; होती ती कागद-लेखणी. जेथून नुकतीच तिरडी उठली, त्या घरी जाऊन "माणसे किती होती?" असे विचारणे हे क्रौर्य नव्हे काय? क्रौर्याचा अंश त्यात आहे, हे आम्ही नाकारीत नाही. साक्षीदाराचे दुःख उकरताना आमचीही जीभ अडखळते. परंतु कायद्यास अश्रू वाचता येत नाहीत. त्यास नोंद लागते. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावे चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपणाकडे घेतला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. तेव्हा सर्व पीडितांची वैद्यकीय वर्गवारीही पुरी झालेली नव्हती. वाढीव भरपाई मागणारी केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. ज्या दुःखाची वेळेवर नोंद होत नाही, ते खरे असूनही न्यायाच्या तराजूत हलके ठरते.

म्हणून नीट विचारणे हीही सेवाच होय. मात्र देता येणार नाही ते वचन न देता विचारावे कसे, कोठे मुकाट बसावे, सांगितल्यापरते एक अक्षरही अधिक कसे लिहू नये, हे केवळ कनवाळूपणाने साधत नाही. ते कोणीतरी शिकवावे लागते. डॉ. देसाईंनी अध्यापन का पत्करले, हे त्यांच्या वतीने सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण हेतू कृतीवरून ताडावा, असा आमच्या व्यवसायाचा दंडक आहे. एकटा सेवक एका गल्लीस पुरतो; शिक्षक अनेक गल्ल्यांत माणसे पाठवितो आणि त्यांच्या चुकांचा भारही वाहतो.

तरीही एक गोष्ट उरते. ज्याने दुसऱ्याचे दुःख विचारून घेतले, तो त्याचा ऋणकरी झाला. ते योग्य ठिकाणी पोहोचेपर्यंत ऋण फिटत नाही. भोपाळचे फिटले असे आम्हांस म्हणवत नाही. आमच्या स्नेह्यांस आम्ही इतकेच सांगितले की, सेवा शिकविणाऱ्याचे पुण्य मोजत बसू नये. आपल्या शिष्यास त्याने हे ऋण ओळखावयास शिकविले की नाही, तेवढे पाहावे.