देणारा कोण?

इंजिनाच्या आवाजाचे खडकीकराला कौतुक नाही. 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना इथेच निघाला. गावोगावच्या विहिरींवर धडधडणारी कितीतरी डिझेल इंजिने इथलीच. तरी यंदा दसऱ्याच्या सुमारास आमच्या अंगणातल्या एका इंजिनाने माझी झोप उडविली.

माझ्या पुतण्याने स्वतःच्या हाताने मोटार बांधायला घेतली आहे. सांगाडा तयार आणला, वरचे फायबरचे अंग सुट्या भागांत आले; उणे होते ते इंजिन आणि वायरिंग. ही दोन्ही असलेली एक मोटार मागच्या शेडमध्ये उभी होती : आमच्या अण्णांची डिझेल अँबॅसडर. अण्णा गेल्यापासून ती जागची हलली नव्हती. दर रविवारी मी तिच्यावरून फडके फिरवीत असे आणि त्यालाच पितृभक्ती समजत असे.

"काका, ही आपली डोनर गाडी," पुतण्या म्हणाला.

डोनर म्हणजे दाता! मास्तरकीमुळे शब्द कानाला लागला की तो मला सोडवत नाही. दाता तोच, ज्याला 'नाही' म्हणता येते. बिचारी मोटार काय म्हणणार? 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले. रुग्ण काही तासांतच गेला; पण प्रश्न राहिला. 1994 साली अवयवदानाचा कायदा झाला तेव्हा मृत्यू कधी मानायचा आणि संमती कोणाची घ्यायची, हे सारे कलमांत लिहावे लागले. जाणाऱ्याने काही लिहून ठेवले नसेल, तर होकार जवळच्या माणसांनी द्यायचा. म्हणजे दाता म्हणतो आपण गेलेल्याला, आणि मूठ उघडावी लागते मागे उरलेल्याला.

माझी मूठ उघडेना. मग, शिकलेली माणसे करतात तेच मी केले. तत्त्वज्ञानाचा आडोसा घेतला. भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते, की चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? तेच मी आईपुढे मांडले. इंजिन काढल्यावर जी उरेल ती अण्णांची गाडी, की जे निघेल ते अण्णांचे? आई वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "तू पुसतोस ती तुझी गाडी. ह्यांची गाडी चालायची."

दुसऱ्या दिवशी साखळीच्या कप्पीने इंजिन वर उचलले. मी तिथे थांबलो नाही. वायरींचे जुडगे मात्र दोन दिवस ओसरीवर पसरले होते, आणि पुतण्या एकेका तारेला चिठ्ठी बांधत होता : ही स्टार्टरची, ही हीटर प्लगची, ही तेलाच्या दाबाच्या दिव्याची. दारातल्या दिव्याची तार त्याने कापून टाकली, तेव्हा माझ्या पोटात उगाच कालवले. त्या दिव्याखाली अण्णा पाकिटातले सुटे पैसे मोजीत. डिझेलला ठिणगी लागत नाही, हे मला तेव्हा कळले. हवा सुमारे वीसपट दाबली की ती इतकी तापते की आत आलेले तेल आपोआप पेटते. आणि जुना पंप असला, तर एकदा सुरू झालेल्या इंजिनाला पुढे बॅटरीचीही गरज नसते.

कागदपत्रांचे काम अजून चालू आहे. इंजिन बदलले की तशी नोंद करून घ्यावी लागते. पण इंजिन सुरू करून पाहायला काय हरकत, असे म्हणून पुतण्याने किल्ली फिरविली. दोनदा खोकून ते बोलले. तोच आवाज. हा आवाज ऐकला की मी शाळेची पाटी दडवीत असे. आई खुर्ची ओढून अंगणात येऊन बसली होती.

मग पुतण्याने किल्ली बंद केली. इंजिन थांबेना. बॅटरीची तार काढली, तरी थांबेना. पोरगा घामाघूम झाला.

"अरे, ते नुसती किल्ली नाही फिरवायचे," आई आवाजावरून ओरडली, "शेवटी एक काळी मूठ बाहेर ओढायचे!"

तेलाचा पुरवठा तोडणारी ती केबल वायरिंगमधली नव्हतीच. ती अँबॅसडरच्या डॅशबोर्डला तशीच लटकत राहिली होती. पुतण्याने बोनेटमध्ये हात घालून पंपाचा खटका दाबला आणि अंगण गप्प झाले.

"आजी, ती मूठ काढून घेऊ ना?"

आईने माझ्याकडे पाहिले. मी पाना घेऊन शेडकडे गेलो.