हत्येनंतरची सकाळ

ताकद अमर्याद असेल तर चांगुलपणा टिकतो का? जगातल्या अनेक धर्मांनी हा प्रश्न आपापल्या परीने हाताळला आहे, आणि सुपरमॅनची गोष्टही याच प्रश्नाभोवती फिरते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन ज्यू तरुणांचा हा नायक १९३८ साली वाचकांसमोर आला. नष्ट होणाऱ्या जगातून आईबापांनी दूर पाठवलेलं बाळ, म्हणून अनेकांना त्यात मोझेस दिसला. २०१३ साली झॅक स्नायडर यांच्या ‘मॅन ऑफ स्टील’ने त्याला ख्रिस्ताच्या शेजारी नेऊन बसवलं. इथला क्लार्क, म्हणजे माणसांत वावरणारा सुपरमॅन, ३३ वर्षांचा आहे. क्रिप्टन या आपल्या जन्मग्रहावरून आलेल्या खलनायक झॉडच्या स्वाधीन होण्याआधी तो चर्चमध्ये पाद्र्याला भेटतो, तेव्हा त्याच्या मागे रंगीत काचेत गेथसेमनीच्या बागेत प्रार्थना करणारा येशू आहे. स्टुडिओने तर या चित्रपटावरून प्रवचन करता यावं म्हणून अमेरिकेतल्या पाद्र्यांना टिपणंही तयार करून दिली होती.

मी सांगलीत कॉलेजच्या मुलांना नीतिशास्त्र शिकवते. धर्मसंकटाचा विषय निघाला की याच चित्रपटाच्या शेवटावर वाद पेटतो. सुपरमॅनने झॉडला मारलं ते बरोबर की चूक? मला त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: मारणारा हा माणूस कोण आहे, हे चित्रपटाने आपल्याला कळू दिलंय का?

क्लार्कला वाढवणाऱ्या वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग बघा. कॅन्ससच्या रस्त्यावर चक्रीवादळ येतं. माणसं पुलाखाली आसरा घेतात, कुत्रा गाडीत अडकतो, आणि त्याला सोडवायला जोनाथन केंट परत जातात. कुत्रा सुटतो, त्यांचा पाय मात्र जायबंदी होतो. क्लार्क पुढे सरसावतो, तेवढ्यात ते हात वर करून त्याला थांबवतात, आणि वादळ त्यांना गिळून टाकतं. मुलाचं गुपित बापाच्या जिवापेक्षा मोठं ठरतं. पण मुळात कुत्र्याला आणायला तरणाताठा मुलगा का गेला नाही? तो चारचौघांसारखा धावत गेला असता तर कुणाला कसला संशय आला असता? पटकथेला बापाचा बळी हवा होता म्हणून बाप गेला.

१९७८ च्या रिचर्ड डॉनर यांच्या ‘सुपरमॅन’मध्ये हेच जोनाथन हृदयविकाराने कोसळतात. एवढी शक्ती असूनही आपण त्यांना वाचवू शकलो नाही, हे त्या पोराला कबरीपाशी उमगतं. मृत्यूपुढे शक्तीचं काही चालत नाही, हा खरा धार्मिक अनुभव आहे. तो माणसाला नम्र करतो. २०१३ च्या क्लार्कला वडिलांनी शिकवलं ते वेगळंच: जग तयार होईपर्यंत लपून राहा, त्यासाठी कुणी मेलं तरी. बुडत्या बसमधली मुलं त्याने वाचवली, तेव्हाही हे वडील त्याला शाबासकी देताना अडखळतात. अशा शिकवणुकीतून परोपकारी माणूस कसा घडला, ते चित्रपट दाखवत नाही.

आता शेवट. मेट्रोपोलिस शहरातल्या उंच इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या आहेत. रेल्वे स्थानकात सुपरमॅनने झॉडची मान मागून आवळून धरली आहे. झॉडच्या डोळ्यांतून निघणारी आग भिंत जाळत कोपऱ्यात अडकलेल्या एका कुटुंबाकडे सरकते आहे. थांब, अशी विनवणी करून झाल्यावर सुपरमॅन त्याची मान मोडतो, गुडघ्यांवर कोसळतो, आकांत करतो. त्याची प्रेयसी लोइस धावत येते आणि तो तिला बिलगून रडतो. हेन्री कॅव्हिलने हा क्षण जीव ओतून केला आहे. आणि लगेच पुढच्या दृश्यात सुपरमॅनने पाडलेला एक ड्रोन आकाशातून अमेरिकी सैन्याच्या जनरलच्या गाडीपुढे येऊन आदळतो. सुपरमॅन हसतमुखाने गप्पा मारतो आहे.

वर्गात एका विद्यार्थिनीने मला निक्षून सांगितलं, “मॅडम, त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. त्या मुलांना मरू द्यायचं का?” मुलांना मरू देऊ नये, हे मलाही मान्य आहे. मान्य नाही ते एवढ्यावर विषय संपवणं. धर्मसंकट उभं राहायला दोन्ही बाजूंना काहीतरी मोलाचं पणाला लागावं लागतं. ‘मी जीव घेणार नाही’ हा निश्चय या सुपरमॅनने आधी कुठे केलाय? क्षणभरापूर्वीपर्यंत तो झॉडला घेऊन माणसांनी भरलेल्या इमारतींतून आरपार जात होता, आत कोण आहे याचा विचारही न करता. जो हजारोंसाठी थांबला नाही, तो चौघांसाठी कळवळतो. ते अश्रू खोटे नसतील, पण त्यांच्यामागे चारित्र्य उभं केलेलं नाही.

या हत्येमुळेच पुढे जीव न घेण्याचा निश्चय जन्माला येतो, असं स्नायडर आणि पटकथाकार डेव्हिड गॉयर यांनी म्हटलं आहे. कल्पना चांगली आहे. पण तो निश्चय पडद्यावर जन्मताना दिसायला नको का? २०१६ च्या पुढच्या चित्रपटात सुरुवातीच्या भागात धुळीने भरलेल्या त्याच शहरातून धावणारा ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, दिसतो. ढिगाऱ्याखालच्या माणसांची आठवण ठेवली, हे चांगलंच झालं. मात्र राग ब्रूसच्या वाट्याला आला, झॉडच्या हत्येचा पश्चात्ताप कुणाच्याच नाही.

हत्येनंतरचा पश्चात्ताप दाखवता येतो, आणि सुपरमॅनच्याच कथेत तो दाखवला गेला आहे. १९८८ साली जॉन बर्न यांच्या कॉमिकमध्ये त्याने झॉडसह तीन गुन्हेगारांना क्रिप्टोनाइट या क्रिप्टनवासीयांना घातक खनिजाने मृत्युदंड दिला. पुढच्या अंकांमध्ये ते ओझं त्याला पेलवेना. त्याचं मन ढासळलं आणि अखेर त्याने स्वतःला पृथ्वीवरून हद्दपार करून घेतलं. महाभारतही हेच करतं. अठरा दिवसांचं युद्ध संपलं तरी कथा थांबत नाही. स्त्रीपर्वात बायका रणांगणावर आपली माणसं शोधतात. शांतिपर्वात जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो, वनात जायला निघतो. ते पर्व सगळ्यांत मोठं आहे, यातच व्यासांची दृष्टी कळते.

आणखी एक गोष्ट मला सतावते. क्रिप्टनवर जन्माआधीच प्रत्येकाचं काम ठरतं. झॉड सैनिक म्हणूनच घडवला गेला. कित्येक शतकांत नैसर्गिकरीत्या जन्मलेलं पहिलं मूल म्हणजे आपला नायक, निवडीचं स्वातंत्र्य असलेला. कर्म आणि स्वातंत्र्य यांवर विचार करायला याहून सुंदर मांडणी नाही. पण शेवटी झॉड आपण असं का वागलो ते स्पष्ट सांगतो: लोकांचं रक्षण हेच त्याच्या जन्माचं प्रयोजन, आणि ते लोकच उरले नाहीत. ज्याला निवड नव्हती त्याने आपल्या कृत्यांचा हिशेब दिला. ज्याला होती, त्याला पटकथेने तोंडच उघडू दिलं नाही.

म्हणून माझा निवाडा असा: ‘मॅन ऑफ स्टील’ने ख्रिस्ताचं वय घेतलं, मुद्रा घेतली, काचेवरचं चित्र घेतलं; दुसऱ्यांचं पाप स्वतःवर ओढून घेणं तेवढं राहिलं. तुम्ही हा चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा मान मोडण्याच्या दृश्यावर वाद घालू नका. त्यानंतरच्या दृश्याकडे बघा. बलवान माणसाची परीक्षा तिथे होते, आणि या चित्रपटाने ती घेतलीच नाही.