न पाहिलेल्यांविषयी साक्ष

आपल्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील मंडळ्यांत अमेरिकेविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, तेथील सगळे लोक श्रीमंत. तेथे दुःख नाही. दुसरा म्हणतो, तेथील सगळे लोक स्वैर. तेथे म्हाताऱ्या आईबापांस कोणी विचारीत नाही. दोघांनीही अमेरिका पाहिलेली नाही. दोघांसही ती दिसली आहे पडद्यावर, किंवा हातातील फोनवर. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, ज्या लोकांस आपण पाहिले नाही त्यांच्याविषयी मत बोलून दाखविणे हा केवळ अजाणपणा आहे, की दोष आहे?

चित्रांवर किती विसंबावे हे खरे तर आपल्या भागातील लोकांस शिकवावयास नको. कर्जत-चौक परिसरात 2005 साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी स्टुडिओ उभारला. तेथील राजवाडे पडद्यावर दगडी दिसतात. मागच्या बाजूने गेले म्हणजे लाकूड आणि प्लास्टर दिसते. आपल्या दारचा राजवाडा खोटा हे ज्याला ठाऊक आहे, त्याने सातासमुद्रापलीकडचे घर मात्र पडद्यावरून खरे मानावे, हे नवल होय.

कर्जत-खोपोलीहून मुंबईस जाणारी लोकल कल्याणावरून जाते. त्या कल्याणास आनंदीबाई जोशी यांचे माहेर. पत्नीला शिकविता यावे म्हणून त्यांचे पती गोपाळराव यांनी 1878 साली कोल्हापुरातून एका अमेरिकन मिशनरी गृहस्थांस पत्र लिहून साहाय्य मागितले. उत्तरात ख्रिस्ती होण्याविषयी आग्रह होता. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला, आणि 1880 साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या असता तो वाचला. त्यांनी आनंदीबाईंस आपणहून पत्र लिहिले. मदतीला कोणतीही अट घातली नाही.

इकडे लोक म्हणू लागले की, ही बाई तिकडे गेली की बाटणार. 1883 साली श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भर सभेत सांगितले की, आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार. त्या 4 जून 1883 रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाईंस त्या मावशी म्हणत. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून 11 मार्च 1886 रोजी त्यांनी पदवी घेतली, आणि आपला शब्द राखला. 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने पुण्यास त्यांचे निधन झाले, तेव्हा वय बावीस वर्षांचेही नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, व त्या बाईंनी ती पौकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली. परधर्मीय मुलीला धर्म न विचारता घरात घेतले, आणि मरणानंतरही आपल्याच माणसांत जागा दिली, अशा त्या अमेरिकन बाई होत्या.

येथे कोणी म्हणेल, एका भल्या बाईमुळे सारे राष्ट्र भले कसे ठरते? हे म्हणणे अगदी बरोबर आहे. ते ठरत नाहीच. आनंदीबाईंच्या पदवीदानास पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यानंतर सुमारे तीन वर्षे त्या देशात हिंडून त्यांनी 1889 साली मराठीत ग्रंथ लिहिला. अमेरिकन स्त्रियांनी उभारलेल्या संस्थांची त्यांनी मनापासून स्तुती केली. बोस्टनच्या मित्रमंडळींच्या द्रव्यसाहाय्यावरच त्यांचे शारदा सदन त्याच वर्षी मुंबईत उघडले. परंतु उपकाराखाली त्यांनी डोळे मिटले नाहीत. गुलामगिरी, काळ्या लोकांविषयीचा तिरस्कार आणि तेथील मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय यांविषयीही त्यांनी स्पष्ट लिहिले. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष अशी असते. तीत स्तुती असते, दोषही असतो. मात्र "सगळे" हा शब्द तीत टिकत नाही.

आमच्या मते दोष या एका शब्दात आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा आपणांस आहे. आता कोर्टात एखाद्याने न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून शपथेवर सांगितली, आणि ती योगायोगाने खरी निघाली, तरी तो साक्षीदार खरा ठरत नाही. म्हणून दूरच्या लोकांस न पाहता दुष्ट म्हणणे जसे अयोग्य, तसेच त्यांस न पाहता देवदूत म्हणणेही अयोग्य. नाथानेलास नासरेथाविषयी शंका होती. फिलिप्पाने वाद न घालता त्यास येऊन पाहावयास सांगितले. नासरेथ हे गाव चांगले की वाईट, याचा निकाल त्या दिवशी लागला नाही. नाथानेलास एक मनुष्य भेटला, आणि तेवढे पुरले.

बंधुभगिनींनो, हा विषय दूरदेशाचा नाही. आपणांविषयी गावात काय बोलतात ते आपण जाणतो: हे साहेबाचे लोक, यांनी पोटासाठी धर्म विकला. असे बोलणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या ओसरीवर कधी येऊन बसले आहेत? हे शब्द आपणांस लागतात. पण आपण स्वतः कातकरी वाडीविषयी काय बोलतो? सगळे दारूडे, सगळे चोर, आज येथे तर उद्या वीटभट्टीवर. यांस शिकवून काय उपयोग? भट्टीवर ते का जातात, किती उचल फेडण्यासाठी जातात, मुले शाळेतून का सुटतात, हे वाडीत बसल्यावाचून कळत नाही. आपणांवर जो अन्याय होतो म्हणून आपण रडतो, तोच आपण डोंगरावरच्या शेजाऱ्यावर करतो.

अमेरिका पाहावयास आपल्यापैकी फार थोडे जातील. वाडी मात्र अर्ध्या कोसावर आहे. उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, पुढील रविवारी वाडीविषयी मंडळीत काही बोलण्याआधी तेथील एका घरी जाऊन बसावे, घरधन्याचे नाव विचारावे, आणि आधी त्याचे ऐकावे. तो कदाचित चांगला निघेल, कदाचित नाही. परंतु त्यानंतर जे सांगाल ती पाहिलेल्याची साक्ष होईल.