आधी खडा ओळख, मग ताट वाढ

तुझ्या फाईलमधला लघवीचा रिपोर्ट मी वाचला. त्यात ‘क्रिस्टल्स ++’ एवढंच आहे. कुठले क्रिस्टल्स ते लिहिलेलं नाही, पीएच नाही, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी नाही. आणि या अर्ध्या ओळीच्या भरवशावर तू त्या मुक्या जीवाच्या ताटात इतके दिवस नवनवे प्रयोग करतो आहेस. आधी चिकन बंद करून डाळ-भात. मग मोबाइलवर कुणी सांगितलं म्हणून पाण्यात व्हिनेगर. मग क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मग ‘ताकद यावी’ म्हणून पालकाचं सूप. सहा किलोचं शिह त्झू जातीचं कुत्रं आहे ते. त्याला बोलता येत नाही म्हणून तुझी ही धरसोड इतके दिवस खपली. माझ्यापुढे खपणार नाही. बस, आणि माझं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नकोस.

कुत्र्याच्या लघवीतले स्फटिक सगळे एका जातीचे नसतात. नेहमी भेटणारे दोन, स्ट्रुव्हाईट आणि कॅल्शियम ऑक्झलेट. स्ट्रुव्हाईट अल्कधर्मी लघवीत धरतो आणि कुत्र्यात त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. स्टॅफिलोकोकस, प्रोटियस यांसारखे जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया तयार करतात, पीएच चढतो आणि मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट यांचा मिळून खडा बसतो. तिथे नेमकं अँटिबायोटिक आणि खडा विरघळवणारं खास खाणं एकत्र दिलं तर काही आठवड्यांत खडा विरघळतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली स्पष्टच सांगितलं, की स्ट्रुव्हाईटला आधी विरघळवून पाहा, उठसूट चाकू लावू नका.

ऑक्झलेटचा स्वभाव याच्या उलटा. त्याला आम्लाकडे झुकलेली लघवी मानवते. शिह त्झू, ल्हासा, यॉर्कशायर टेरिअर, मिनिएचर श्नाउझर अशा छोट्या जातींत, त्यातही नरांत, तो जास्त सापडतो. आणि एकदा झालेला ऑक्झलेटचा खडा कुठल्याही खाण्याने विरघळत नाही. आता तूच सांग, तुझा सोन्या शिह त्झू, नर, सात वर्षांचा. त्याचा खडा ऑक्झलेटचा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तू लघवी आंबट करायला व्हिनेगर पाजतो आहेस. क जीवनसत्त्वाचा तर काही भाग शरीरात ऑक्झलेटच होऊन लघवीत उतरतो, आणि कुत्र्याचं यकृत हे जीवनसत्त्व स्वतः तयार करतं, त्याला तुझ्या गोळीची गरजच नव्हती. पालक हा ऑक्झलेटने भरलेला पाला. तीन वस्तू वाढल्यास आणि तिन्ही खड्याच्या बाजूने उभ्या केल्यास. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते यालाच.

हे स्फटिक ओळखायला कठीण नसतात रे. पशुवैद्यकीच्या मुलांना मी हे सुरुवातीलाच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत असे. ऑक्झलेटचा नेहमीचा स्फटिक बंद पोस्टाच्या पाकिटासारखा दिसतो, लहानसा चौकोन आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेल्या दोन रेघांची फुली. स्ट्रुव्हाईट लांबट, काचेसारखा स्वच्छ, दोन्ही टोकांना उतरत्या कडांचा. एकदा पाहिला की विसरत नाही. पण पाहण्यासाठी लघवी ताजी हवी, अर्ध्या तासातली, फार तर तासाभरातली. तू काल नमुना आणलास तो आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवलेला. थंडीत लघवीत नसलेले स्फटिकही तयार होतात. म्हणून त्या नमुन्यातल्या स्फटिकांबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. तुझा पहिला रिपोर्टही तसल्याच नमुन्याचा असेल तर त्या दोन अधिकच्या चिन्हांना काडीची किंमत नाही. आणि हेही ऐकून ठेव, की धडधाकट कुत्र्याच्या लघवीतही अधूनमधून स्फटिक दिसतात. स्फटिक म्हणजे खडा नव्हे आणि खडा म्हणजे एकच खडा नव्हे.

घनता मात्र फ्रीजने बदलत नाही. म्हणून तुझ्या नमुन्याचा एक थेंब मी रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला. 1.046. खड्याची खोड असलेल्या कुत्र्याची लघवी 1.020 च्या खाली ठेवावी लागते, त्यासाठी आम्ही जिवाचा आटापिटा करतो. तुझ्या कुत्र्याची लघवी पाकासारखी दाट आहे. मे महिन्यात, पत्र्याखालच्या त्या गॅलरीत, कोरडे दाणे खाऊन राहणाऱ्या प्राण्याची दुसरी कशी असणार? कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्या डबाबंद खाण्यात पाऊणहून जास्त. सहा किलोच्या जिवाला खाण्यातलं धरून दिवसाला तीनशे-साडेतीनशे मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून अधिक. तुझ्या घरी त्याचं भांडं एक, तेही स्वयंपाकघराच्या दाराआड, जिथे सगळ्यांची ये-जा. दिवसातून ते कितीदा भरता, असं मी विचारलं तर तिघांनी तीन उत्तरं दिलीत. खाण्याच्या महागड्या पिशव्या आणायला पैसे होते आणि दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यायला दहा मिनिटं नव्हती, याचा मला खरोखर राग आला. खडा कुठल्याही जातीचा असो, पाणी वाढवणं हा त्यातला पहिला उपाय, आणि तो फुकट आहे.

आता मागच्या वर्षीच्या ऑपरेशनबद्दल. त्याच्या मूत्राशयातून निघालेले खडे कुठे आहेत, असं मी विचारलं तर तुझी आई म्हणाली, कपाटात, औषधाच्या रिकाम्या डबीत. म्हणजे या सगळ्या प्रश्नाचं उत्तर वर्षभर तुमच्या घरात पडून आहे! खडा काढला की तो तपासायला पाठवायचा असतो. नुसत्या डोळ्यांनी किंवा एक्स-रेवरून खड्याची जात खात्रीने सांगता येत नाही. मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑसबोर्न यांनी 1981 साली खड्यांचं केंद्र सुरू केलं, तेव्हापासून जगभरातून तिथे कुत्र्या-मांजरांचे खडे जातात. त्या नोंदींमुळेच कळलं, की सुरुवातीला स्ट्रुव्हाईटचा भरणा होता आणि पुढे ऑक्झलेटचा वाटा वाढत गेला. एवढं ज्ञान उभं राहिलं ते लोकांनी खडे डबीत न ठेवता पाठवले म्हणून. इथेही माणसांचे मूतखडे इन्फ्रारेड पद्धतीने तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, कोरडा खडा वर्षानंतरही तपासता येतो. त्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं नाही, असं तू म्हणशील. नसेल सांगितलं. तू विचारलंस का?

पोटाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. एका महिन्यात तू खाणं चार वेळा बदललंस आणि चारही वेळा रात्रीतून. आज संपली ती पिशवी, उद्या दुसरी. मग शी पातळ झाली की त्या खाण्याला दोष. खाणं बदलायचं ते आठवडाभर घेऊन: आधी पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण. छोट्या कुत्र्याच्या आतड्याला असा धक्का दिलास तर ते बिघडणारच, त्यात त्या पिशवीचा काय गुन्हा? आणि जुलाब दिसले की घरातल्या उरलेल्या मेट्रोनिडॅझोलच्या अर्ध्या गोळ्या! साधे जुलाब बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप आटोक्यात येतात. अँटिबायोटिकने आतड्यातली चांगल्या जंतूंची वस्ती उद्ध्वस्त होते आणि ती सावरायला आठवडे जातात. शिवाय अशी उरलीसुरली अँटिबायोटिकं लघवीच्या कल्चरची वाट लावू शकतात. जंतू अर्धवट दबतात, कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि ‘इन्फेक्शन नाही’ असा खोटा दिलासा मिळतो. पोटासाठी दिलेल्या अँटिबायोटिकने लघवीची तपासणीही बिघडू शकते, कळतंय का तुला?

दूध-पोळी बंद कर म्हटलं तर आजींना वाईट वाटलं. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण वयात आलेल्या कुत्र्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर फारसं उरत नाही, म्हणून दूध दिलं की गुडगुड आणि पातळ शी. फोडणीचा कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. प्रसादातले बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. आणि ती ग्लुकोज बिस्किटं! एका बिस्किटात साधारण वीस-पंचवीस कॅलरी असतात. सोन्याची दिवसाची गरज चारशेच्या आसपास. आजी दोन देतात, वडील चहाबरोबर दोन, मुलगी शाळेतून आली की दोन. दिवसाच्या खाण्याचा तिसरा हिस्सा बिस्किटांत गेला. वरखाणं एक दशांशाच्या वर जाता कामा नये. त्यापुढे कसलंही पथ्य असो, ते पथ्य राहत नाही. महिनाभर ‘पथ्याचं खाणं देऊनही फरक नाही’ म्हणत होतास ना? तू ते दिलंच नाहीस.

सगळ्यात गंभीर गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. रविवारी तो पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून उभा राहिला, पिवळी उलटी केली आणि दिवसभर खाल्लं नाही, हे तू मला जाता जाता सांगितलंस, जणू काही विशेष नाही. आदल्या रात्री त्याला कोंबडीची कातडी घातली होती. पोट दुखणारा कुत्रा तसा उभा राहतो. स्वादुपिंडाला सूज आली असेल तर ती जिवावर बेतू शकते, त्याची रक्ताची वेगळी तपासणी असते. आणि लघवीसाठी म्हणून जी खाणी मिळतात त्यातल्या काहींत, विशेषतः स्ट्रुव्हाईट विरघळवणाऱ्यांत, चरबी भरपूर असते. म्हणजे मूत्राशयासाठी आणलेली पिशवी स्वादुपिंडाला भारी पडू शकते. एकाच कुत्र्याच्या लघवीचा आणि पोटाचा इलाज वेगवेगळ्या माणसांना विचारून, वेगवेगळ्या दिवशी करता येत नाही, तो यासाठी. चरबी कमी आणि लघवीतल्या खड्यांचाही विचार केलेली खाणी मिळतात. पण ती निवडायची तपासण्या हातात आल्यावर, एकाच डॉक्टरांपुढे दोन्ही तक्रारी मांडून.

आणखी एक शक्यता आहे. लघवीत युरेटचे स्फटिक निघाले, उलट्या होत असल्या आणि जेवणानंतर कुत्रा सुस्त, भ्रमिष्टासारखा होत असेल, तर छोट्या जातींत यकृताला वळसा घालून रक्त नेणाऱ्या शिरेचा शोध घ्यावा लागतो. तेव्हा पोट आणि लघवी हे एकाच आजाराचे दोन चेहरे असतात. सोन्यात तसं असेलच असं मी म्हणत नाही, सात वर्षांपर्यंत ते लपून राहणं कमी. पण बाईल अ‍ॅसिडची तपासणी केल्याशिवाय हा विषय मिटवायचा नाही.

डाळ-भाताबद्दल तुझं म्हणणं होतं, ‘घरचं ते चांगलं.’ घरचं चांगलं करता येतं, पण मोजून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी 2013 साली कुत्र्यांच्या घरगुती खाण्याच्या 200 पाककृती तपासल्या, त्यातल्या 190 मध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. नुसतं भात-चिकन दिलं तर कॅल्शियम अगदीच कमी. आणि खड्याच्या धास्तीने तू अंडं-दही सगळं तोडलंस, तेही चुकलं. आतड्यात कॅल्शियम नसलं तर खाण्यातलं ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. घरचंच द्यायचं असेल तर पशु-आहार शिकलेल्या माणसाकडून ग्रॅमनिशी लिहून घे आणि वजनकाट्यावर मोजून वाढ.

आता काय करायचं ते लिहून घे. व्हिनेगर, गोळ्या, पालक, बिस्किटं, दूध आजपासून बंद, सगळ्यांसाठी बंद, पाहुण्यांसाठीही. सध्या जे खाणं त्याला त्यातल्या त्यात सोसतंय तेच चालू ठेव, कोमट पाण्यात भिजवून, तीन-चार वेळा थोडं थोडं. भांडी तीन ठेव, वेगवेगळ्या खोल्यांत, सकाळ-संध्याकाळ धुऊन भर. दर चार-पाच तासांनी खाली ने, लघवी तुंबवून ठेवायला लावू नकोस. सकाळची लघवी स्वच्छ डबीत धर आणि तासाभरात दवाखान्यात पोचव. कल्चरसाठीची लघवी डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतील, त्याआधी एकही अँटिबायोटिक नको. एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही, कारण काही खडे एक्स-रेवर दिसत नाहीत. रक्तात कॅल्शियम पाहायला सांग. कपाटातली ती डबी आजच तपासायला जाऊ दे. निदान झालं की एकच खाणं ठरेल, आणि ते किमान दोन आठवडे कणभर इकडचं तिकडे न करता द्यायचं. खाण्याने सुधारणारं पोट बहुधा तेवढ्यात सुधारतं. नाही सुधारलं तर पुढचा विचार डॉक्टर करतील, तू नव्हे.

तो पाय उचलून उभा राहिला आणि थेंबही आला नाही, वारंवार कुंथतोय, पोट ताठ झालंय, तर सकाळची वाट पाहायची नाही. नराच्या मूत्रमार्गाभोवती शिश्नाचं हाड असतं, खडा नेमका त्याच्या मागे अडकतो. मूत्र तुंबलं की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबू शकतं. रात्रीचे दोन वाजलेले असोत, गाडी काढायची. चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेव, आजींना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

आणि एक वही कर. रोज त्यात काय खाल्लं, किती ग्रॅम, पाणी किती, लघवी कितीदा, शी कशी, उलटी झाली का, हे लिहायचं. घरातल्या प्रत्येकाने, आपल्या हाताने. पुढच्या रविवारी सकाळी ती वही आणि रिपोर्ट घेऊन ये. मुलीलाही आण, तिला ते स्फटिक दाखवीन.