उसनी कुऱ्हाड व एकेक तुळई

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ६, वचनें १ ते ७



अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांस राहावयाची जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां त्यांनीं यार्देनेच्या कांठीं जाऊन नवें घर बांधण्याचें ठरविलें. लोखंड पाण्यावर तरंगलें, हा त्या वृत्तांतांतील चमत्कार आपण सर्व जाणतों. परंतु घर बांधणाऱ्यांसाठीं त्यांत आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. प्रत्येकानें एकेक तुळई आणावी, ही पहिली. पाण्यांत पडलेली कुऱ्हाड उसनी होती, ही दुसरी.

पहिली गोष्ट ही कीं, त्या शिष्यांनीं मोजून घेतलें. माणशीं एक तुळई, इतकेंच ठरलें. आतां लबानोन डोंगराकडे पाहा. शलमोनानें मंदिरासाठीं तेथें ३०,००० माणसें पाळीपाळीनें पाठविलीं, आणि गंधसरूचे सोट तराफे करून समुद्रमार्गें आणविले. मंदिर बांधणें हें पाप नव्हे. पण त्याच्या आधीं व मागून अनेक देशांच्या राजांच्या कुऱ्हाडी त्या डोंगरावर पडल्या. रोमी बादशहा हेड्रियन ह्यानें दुसऱ्या शतकांत तेथील खडकांवर अक्षरें कोरवून कांहीं जातींचीं झाडें राखून ठेविलीं. तरीही त्या अफाट वनाच्या आज तुरळक राया उरल्या आहेत. त्यांपैकीं ‘देवाचे गंधसरू’ नांवाची राई १९९८ सालीं जागतिक वारशांत घेतली गेली. एका राजानें न सरणारें वन राजामागून राजा आल्यानें सरतें. आमच्या गांवचा डोंगरही एका गाडीनें उघडा पडत नाहीं; गाडीमागून गाडी गेल्यानें पडतो.

म्हणून घर बांधतांना आपणही मोजून घ्यावें. साग तुळईजोगा होण्यास कित्येक दशकें लागतात. बांबू तीन ते पांच वर्षांत पक्व होतो. बेटांतील जून बांबू तोडावे, कोंवळे राखावे, आणि पावसाळ्यांत नवे कोंब फुटत असतां बेटास हात लावूं नये. तोडलेला बांबू कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवावा, म्हणजे त्यांतील पिठूळ अंश निघून जातो व कीड कमी लागते. जुन्या घराचे वांसे व चौकटी धड असतील तर पुन्हां वापराव्या. कोणी म्हणेल, बांबू-मातीचें घर हीनपणाचें लक्षण आहे. महात्मा गांधी १९३६ सालीं वर्ध्याजवळील सेगांवीं राहावयास गेले. तेथील माती, लांकूड व बांबू ह्यांच्या कुट्या आजही उभ्या आहेत, आणि त्यांत राहणाऱ्यास कोणी हीन म्हणत नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, कुऱ्हाड उसनी होती, म्हणून ती हरवतांच तो शिष्य घाबरला. कुऱ्हाडीविषयीं त्याला जी चिंता वाटली, ती आपणांस वनाविषयीं वाटते काय? पृथ्वी परमेश्वराची आहे. आपण केवळ कारभारी आहों. प्रार्थनामंदिराचें काम निघालें, आणि रात्रीं कोणी स्वस्तांत सागवान आणून टाकलें, म्हणजे एखादे वडील म्हणतात, “देवाचेंच घर आहे, लांकूड कोठून आलें हें कशास विचारावें?” बंधूंनो, देवाचें घर आहे म्हणूनच विचारावें! अन्यायानें बांधलेल्या घराचे दगड व तुळया धन्याविरुद्ध साक्ष देतात, असें हबक्कूक संदेष्टा शिकवितो.

प्रामाणिक मार्ग आज बंद नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस आपलें सामूहिक वन राखण्याचा हक्क मिळतो. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) गांवास तो २००९ सालीं मिळाला. २०११ पासून तें गांव स्वतःच्या परवान्यानें बांबू विकूं लागलें. २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ ह्या व्याख्येंतून वगळला गेला, त्यामुळें शेताच्या बांधावर बांबू लावणें सोपें झालें. शहरांत लांकूड घेणाऱ्यांस १९९३ सालीं स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिलची खूण पाहतां येते. वनाची निगा राखून लांकूड काढलें कीं नाहीं, हें परीक्षक तपासतात. त्या संस्थेच्या नांवांतच कारभारीपण आहे.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळींत बांधकाम निघेल त्या वेळीं पंचांपुढें तीन प्रश्न ठेवा. हें लांकूड कोणत्या वनांतलें? त्याचा परवाना कोठें आहे? आणि ह्याहून कमी लांकडांत काम होणार नाहीं काय? उत्तर न मिळाल्यास माल परत पाठवा. छप्पर एक वर्ष उशिरां चढलें तरी चालेल. झाडाखालीं बसून केलेली प्रार्थनाही देव ऐकतो.

त्या शिष्यास उसनी कुऱ्हाड धन्याला परत करतां आली. आपल्या हातीं आलेलें वन आपल्या मुलांच्या हातीं उभेंच्या उभें देण्याची बुद्धि प्रभु आम्हां सर्वांस देवो. आमेन.