गावातच राहून लिहिणे

मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सोमठाण्यास काढले, पुढे ते नेवासे तालुक्यातील तरवडीस नेले आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालविले. खेड्यात छापखाना चालविणे, वर्गणी गोळा करणे, अंक टपालात घालणे हे सारे कष्टाचेच. परंतु मला त्याहून अवघड वाटते ते निराळेच. ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिणाऱ्या या सत्यशोधकाने सावकार, भिक्षुक, वतनदार यांवर कोरडे ओढले. शहरातल्या संपादकाला हे सोपे. खेड्यात मात्र ज्याच्यावर लिहावे तो दुसऱ्या दिवशी चावडीवर समोर उभा असतो. त्याच्या घरच्या लग्नाची अक्षतही आपल्या दारी आलेली असते.

निःपक्षपातासाठी अंतर हवे, असे आपण सरकारी नोकर मानतो. आपल्या बदल्यांचे एक समर्थन हेच. ज्याचे तोंड पाहिले नाही त्याच्या अर्जावर टिपणी निर्भीडपणे लिहिता येते. पण भिण्याचे कारणच नसेल तर त्या निर्भीडपणाचे मोल काय? उलट, जवळिकीने लेखणी मिंधी होते, भाऊबंदकीचे विष अग्रलेखात उतरते, हेही खरेच. तरीही माझा कौल तरवडीकडेच जातो. तिथे मजकुराने दुखावलेला माणूस संपादकाच्या ओट्यावर येऊन जाब विचारू शकत होता. आपल्या टिपणीने ज्याचे निवृत्तिवेतन अडते, त्याला खालची सहीसुद्धा लागत नाही.