राजकन्या आणि रुग्णसेवा



हंगेरीच्या राजाची कन्या संत एलिझाबेथ वयाच्या विसाव्या वर्षी विधवा झाली. तिने १२२८ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे रुग्णालय उभारले आणि स्वतःच्या हातांनी रुग्णांची सेवा केली. १२३१ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी ती देवाघरी गेली. १७ नोव्हेंबरला ख्रिस्तसभा तिचा सण पाळते.

अशीच एक राजकन्या आपल्या वर्धा जिल्ह्यात राहून गेली. राजकुमारी अमृत कौर कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या, ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या, इंग्लंडमध्ये शिकलेल्या. त्या कॅथलिक नव्हत्या. पण सेवाग्राम आश्रमातले साधे जीवन त्यांनी आनंदाने पत्करले. अनेक वर्षे त्या गांधीजींच्या चिटणीस होत्या. १९४७ मध्ये त्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. १९५६ मध्ये दिल्लीला एम्स ही संस्था उभी राहिली, त्यामागे त्यांचेच परिश्रम होते. सिमल्याचे आपले घरही त्यांनी तिथल्या परिचारिकांच्या व कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीसाठी देऊन टाकले.

'आमच्याजवळ देण्यासारखे काय आहे?' असे आपण म्हणतो. मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, प्रभू येशू संपत्तीचा हिशेब मागत नाही. आजाऱ्याची भेट घेतली का, हे मात्र विचारतो. आपल्या धर्मग्रामातही कितीतरी वृद्ध अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याशी आपले बोलणेही बंद असेल. आज मिस्सा झाल्यावर आधी त्याच दारी जाऊ या. घटकाभर जवळ बसू, हात हातात घेऊ, एकत्र प्रार्थना करू.

प्रभू आपणांस तशी कृपा देवो. आमेन.